वाळूतले मालक

गावात तिला सगळे फटकळ वहिनी म्हणत. नवरा गेल्यावर नदीकाठचं शेत तिनं एकटीनं राखलं, ते या तोंडाच्या जोरावरच. एका पावसाळ्यात पूर आला, नदीनं तिच्या शेतात गुडघाभर वाळू आणून टाकली आणि उभा भुईमूग पार गाडला. बाकीच्यांची शेतं वर, उतारावर. तिथं पाण्याचा थेंब शिरला नव्हता. पण सरकारी मदत जाहीर झाली मात्र, आणि अख्खं गाव पूरग्रस्त झालं!

पाहणीला आला तो साहेब बुटांना फार जपणारा. वहिनीचं शेत नेमकं रस्त्याला लागून. त्यानं गाडी तिथंच थांबवली आणि अर्जदारांना एकेक करून त्याच वाळूत उभं केलं, फोटो काढायला. इस्त्रीचे शर्ट घालून आलेली ही पूरग्रस्त मंडळी! वहिनीला हसू आवरेना.

"अरे, तोंडं जरा पाडा की! लग्नाला आलात का?"

दिराला तर तिनं स्वतः वाळूतून एक सडकं रोप उपटून हातात दिलं. आपल्या शेतात आलेली माणसं, म्हणून सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि आपण शेवटी उभी राहिली. इथंच चुकलं तिचं.

सगळ्यांचे अर्ज मंजूर, हिचा तेवढा नामंजूर. कचेरीत जाऊन विचारलं तर साहेब म्हणतो, "एकाच जागेचे किती फोटो चालवून घ्यायचे, बाई? कुठंतरी कडक व्हावंच लागतं."

कडक म्हणे! मेल्याला कडक व्हायला हीच सापडली. मदत नाही मिळाली तर पुढच्या पेरणीला बियाणं आणायचं कुठून? वहिनीनं थेट मोठ्या साहेबाकडं तक्रार ठोकली.

फेरतपासणी लागली, तशी गावाची पाचावर धारण बसली. दीर घरी येऊन लोणी लावू लागला. "वहिनी, साहेब येतील तेव्हा तुम्ही घरातच थांबा. तुमचं मी बघतो ना."

"तुम्ही बघता म्हणूनच धास्ती वाटते, भावजी," ती म्हणाली, आणि फेरतपासणीच्या दिवशी उजाडताच फावडं घेऊन वाळू उपसायला लागली.

मोठा साहेब आला. पूरग्रस्त पुन्हा रांगेत, दीर सगळ्यांत पुढं. साहेबानं मोबाइल वर धरला.

"अहो बाई, बाजूला व्हा. फोटोत येताय तुम्ही."

"का होऊ? शेत माझं आहे."

साहेबानं दिराकडं पाहिलं. "काय हो? तुमचं ना हे?"

वर्षानुवर्षं जिच्या हातचं जेवला, तिच्याकडं न बघता तो गृहस्थ म्हणाला, "माझंच, साहेब. ही आमच्याकडं मजुरीला येते. जरा फटकळ आहे, मनावर घेऊ नका."

रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडं बघत राहिले.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे भरूनही आले, पण रडायचं कुणापुढं, या बुजगावण्यांपुढं? तिनं फावडं वाळूत रोवलं आणि दिरापुढं हात पसरला.

"मग टाका मजुरी, मालक. सकाळपासून राबतेय."

साहेब बघत होता. दिरानं मुकाट्यानं खिशातून एक नोट काढली. "एवढ्यात भागवता होय?" म्हटल्यावर दुसरी काढली. वहिनीनं दोन्ही मुठीत घट्ट धरल्या आणि घरची वाट धरली. पुराची मदत म्हणून तिच्या हाती लागलं ते एवढंच.