मॉराचा म्हाळ

पद्मिनी सरनोबत डब्लिनजवळच्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवायचं आणि काम झालं की नीट जागं करायचं, हा तिचा व्यवसाय. त्यात बोलावं फारसं लागत नाही, आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं आहे. मूळची कोल्हापूरची, पण कोल्हापूरच्या मोठ्या आवाजातलं काहीच तिच्या वाट्याला आलेलं नाही. नवरा रणजित सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्यातले निम्मे दिवस डब्लिनला. मुलगी रेवा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

गावाबाहेर उंच कुंपणाच्या आड भाजीपाल्याचे छोटे छोटे तुकडे वर्षाच्या भाड्याने मिळतात. त्यांना सगळे नुसतं ‘प्लॉट’ म्हणतात. पद्मिनीने तिथे एक प्लॉट घेतला तो डोकं शांत राहावं म्हणून. शेजारचा प्लॉट कॉन आणि मॉरा ब्रॅनिगन या म्हाताऱ्या जोडप्याचा. कॉन निवृत्त बस ड्रायव्हर, मोजकं बोलणारा. मॉरा अगदी उलट. पहिल्याच उन्हाळ्यात ती गुडघ्यावर बसून तण उपटत होती. पद्मिनी कुंपणापाशी थबकली आणि म्हणाली, “ते टाकू नका. मला द्या.”

“हे? अगं, हे गवत आहे.”

“आमच्याकडे ही भाजी आहे. चाकवत.”

मॉराने बादलीच्या बादली तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पद्मिनीने ताकातला चाकवत डब्यातून आणला. मॉराने उभ्या-उभ्याच तो संपवला, डबा चाटूनपुसून परत दिला आणि कॉनला म्हणाली, “इतकी वर्षं आपण जेवण फेकून देत होतो.” त्यानंतर सगळ्या प्लॉटवाल्यांचा चाकवत पद्मिनीच्या फाटकाशी येऊन पडू लागला.

सप्टेंबरच्या शेवटी, दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराला, मॉरा प्लॉटवरच्या सामाईक शेडमध्ये सगळ्यांना जेवायला बोलवायची. कॉनच्या भावाच्या शेतातून ओटच्या पेंढ्या यायच्या, त्या ती दाराला बांधायची. कुंपणावरची लाल फळं, ब्लॅकबेरीच्या काटेरी डहाळ्या, सफरचंदं, कुणाचा तरी फुगलेला भोपळा, असं सगळं टेबलावर मांडायची. आपापल्या वाफ्यातलं शिजवून आणायचं, आणि जेवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने एकाचं नाव घेऊन आभार मानायचे, हा तिचा नियम. पद्मिनी दर वर्षी अडखळायची. “सगळ्यांचेच आभार,” म्हणून खाली बसायची.

“सगळे म्हणजे कुणीच नाही,” मॉरा म्हणायची. “पुढच्या वर्षी एक नाव घ्यायचं.”

यंदा ईस्टरनंतर मॉरा गेली. आजार लवकर उमगलाच नव्हता. पद्मिनी दफनाला गेली, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, बाहेर कॉनचा हात हातात घेतला. त्याने “ग्रँड, ग्रँड, मी ठीक आहे,” असं म्हणून हात सोडवून घेतला. पुढे उन्हाळाभर तो प्लॉटवर फिरकला नाही. त्याच्या वाफ्यात तण कमरेएवढं वाढलं. कुणी हात लावला नाही. न विचारता साफ करणं बरं दिसलं नसतं, आणि विचारायला कुणी धजत नव्हतं.

ऑगस्टमध्ये पद्मिनीच्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या. त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणतात. गडहिंग्लजजवळच्या एका गावात वाढलेल्या, जन्मभर शेताशी संबंध असलेल्या. इथल्या थंडीला त्यांनी दोन स्वेटर आणि एक शाल यांनी तोंड दिलं होतं.

सप्टेंबर लागला तसं प्लॉटवाल्यांत कुजबुज सुरू झाली: यंदा जेवण कोण करणार? दरवर्षीचा रविवार ठरलेला होता. सगळे एकमेकांकडे बघत असताना पद्मिनी अचानक म्हणाली, “मी करते.” म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. घरी येऊन तिने आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केलं. ते त्यांनी बॅगेतून सोबत आणलं होतं.

“त्या दिवशी सर्वपित्री हाय. अमुशा. पितरांच्या दिवशी कुणी गावजेवण घालतं व्हय? आन वर दाराला तोरणं बांधायची?”

“आत्याबाई, त्यांना काय माहीत सर्वपित्री. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, रजा मिळणार नाही. रविवारच बरा पडतो सगळ्यांना.”

“त्येंस्नी न्हाई म्हाईत. तुला हाय की.”

आत्याबाईंचंही बरोबर होतं. मामंजींचा म्हाळ दर वर्षी कोल्हापुरात धाकटा दीर घालायचा, त्या स्वतः उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. या वर्षी त्या परदेशात होत्या. त्यांनी म्हाळाचा विषय काढला नव्हता, पण उडीद डाळ कुठे मिळते हे दोनदा विचारून झालं होतं.

म्हाळाला भोपळा लागतो, म्हणून बुधवारी पद्मिनी त्यांना प्लॉटवर घेऊन गेली. पाऊस नुकताच थांबला होता. फाटक उघडताच आत्याबाई थांबल्या. शेजारच्या वाफ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं बाई! एवढा चाकवत! कुणी पेरलाय?”

“कुणी नाही. आपोआप.”

“बियाला आलाय. पर रान काय कसदार हाय बघ.” त्या वाकून माती हातात घेऊ लागल्या, तेवढ्यात वाफ्याच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमधून कॉन बाहेर आला. त्याच्या हातात मॉराचे रबरी बूट होते. पद्मिनीने त्याला महिन्यांनंतर पाहिलं. गळ्याभोवती शर्ट सैल झाला होता.

“सामान काढतोय,” तो म्हणाला. “प्लॉट सोडतोय मी. वाट बघणाऱ्या कुणाला तरी देतील. रविवारचं ऐकलं. चांगलं आहे. मी नाही यायचा.”

आत्याबाईंनी विचारलं, “काय म्हन्तोय दादा?”

पद्मिनीने सांगितलं. मॉरा कोण होती तेही सांगितलं. आत्याबाईंनी हातातली माती झटकली, पदर सारखा केला आणि सरळ कॉनला मराठीतच विचारलं, “कवा गेली ती?”

कॉनने पद्मिनीकडे पाहिलं. तिने इंग्रजीत विचारलं.

“ईस्टरनंतरच्या मंगळवारी.”

“तिथी ठावं न्हाई मग. नवऱ्याआधी गेली, म्हंजी तिची नवमी. ती तर दोन दिसांमागंच झाली.” आत्याबाई स्वतःशीच हिशेब करत होत्या. “असूं दे. चुकलंमाकलं सर्वपित्रीला घालत्यात. त्यासाठीच असती ती. पद्मिनी, तू मेजवानी मेजवानी का म्हनतीस? ह्यो तिचा म्हाळ हाय.”

हे इंग्रजीत कसं सांगायचं? शेवटी ती म्हणाली, “कॉन, आमच्याकडे या दिवसांत गेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. वर्षातून एकदा. त्यांच्या आवडीचं करतात. रविवारी त्यातला शेवटचा दिवस आहे. ज्यांचा दिवस माहीत नाही किंवा चुकला, त्यांचाही. सासूबाई म्हणतात, रविवारी मॉराला जेवायला बोलवायचं.”

कॉन बुटांकडे बघत राहिला.

“तिला काय आवडायचं, इचार,” आत्याबाई म्हणाल्या.

“बटाटा,” तो म्हणाला. “कुस्करलेला, केलची पालेभाजी घालून, मध्ये खळगा करून त्यात लोणी. मला वाढायच्या आधी स्वतःला वाढून घ्यायची.” मग बूट खाली ठेवून, “यायचं किती वाजता?”

आत्याबाईंनी दुपारी बाराची वेळ ठरवली, म्हाळ संध्याकाळी होत नाही म्हणून. प्रश्न उरला सजावटीचा. शनिवारी रेवा मैत्रिणीबरोबर शेडमध्ये पेंढ्या बांधत होती. रांगोळीचे रंगही घेऊन आली होती. आत्याबाईंनी रांगोळीला साफ नकार दिला. पेंढ्यांपुढे मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या. ओटच्या लोंब्या त्यांनी बोटांनी दाबून पाहिल्या, एक दाणा सोलून तोंडात टाकला.

“हे ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. “ह्ये सणाचं न्हवं, पिकाचं हाय. पीक बघून पितरं रागवत न्हाईत.”

“सो इट्स ग्रँड, आजी?” रेवाने विचारलं.

“व्हय. ग्रँड.”

रविवारी ढग होते पण पाऊस नव्हता. माणसं वीसेक आली. कुणी टोमॅटोचं सूप, कुणी बीट, कुणी सफरचंदाचा केक आणला. पद्मिनी आणि आत्याबाई पहाटेपासून उभ्या होत्या: तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी. गवार मिळाली नाही, तिच्या जागी मॉराच्याच वेलाचा घेवडा घेतला. तो कुणी लक्ष न देताही वाढला होता. रणजितने बटाटे कुस्करले. कॉन वेळेआधी आला, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. बटाट्यातला लोण्याचा खळगा त्याने स्वतःच्या हाताने केला.

आत्याबाईंनी कोबीच्या मोठ्या पानावर सगळं थोडं थोडं वाढलं. एक पान मामंजींचं, एक मॉराचं. दोन्ही पानं त्यांनी कुंपणाच्या खांबांवर ठेवली, हात जोडले आणि मागे सरकल्या. सगळे का थांबले आहेत ते पद्मिनीने हळू आवाजात सांगितलं. कोल्हापुरात कावळ्याची तासभर मनधरणी करावी लागते. इथला करड्या पाठीचा कावळा पानं ठेवायची वाट बघत असल्यासारखा आला, मॉराच्या पानावरचा वडा उचलला आणि उडाला.

“ती मॉरा नव्हे,” कॉन म्हणाला. “बटाटा पुढ्यात असताना तिला दुसरं काही दिसायचंच नाही.”

पद्मिनीने आत्याबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “नवी चव बघत असंल. आता अडवायला कोन हाय तिला?”

हे उत्तर इंग्रजीत पोचलं तेव्हा कॉन हसला. असा हसला की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि नंतर बराच वेळ तो रुमालात तोंड घालून बसला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सूप वाढणं सुरू झालं.

मग नावं घ्यायची वेळ आली. बहुतेकांनी मॉराचंच नाव घेतलं. कॉननेही, फक्त नाव, पुढे काही नाही. पद्मिनीची पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं तीही तेच म्हणणार. ती उठली. नेहमीप्रमाणे इंग्रजीत सुरुवात केली.

“मी या देशात आले तेव्हा रेवा दीड वर्षांची होती. माझ्या परीक्षा होत्या, रात्रपाळ्या होत्या, राहायला एक खोली होती. मी तिला दोन वर्षं कोल्हापुरात ठेवलं. ती चालायची, बोलायची, ते मी फोनवर पाहिलं. ज्यांनी तिला सांभाळलं त्यांना मी कधीच काही म्हटलं नाही. आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत, परकं केल्यासारखं वाटतं.” इथे तिचं इंग्रजी संपलं. ती सासूकडे वळली. “आत्याबाई, मी तुमचं नाव घेते.”

आत्याबाईंनी दचकून वर पाहिलं. “माझं का? मी काय मेली व्हय?”

रेवा खो खो हसली. बाकीच्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. हातातली वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “दोन वर्सं माझं घर भरलं हुतं. तू नेलीस हिला तवा मी आठ दिस तिची वाटी धुतली न्हाई. आता आभार कुनी कुनाचं मानायचं, सांग बघू.”

पद्मिनीला ते माहीत नव्हतं. तिला नेहमी वाटत आलं होतं, आपण ओझं टाकून गेलो आणि त्यांनी ते निमूट वाहिलं. ती खाली बसली. रेवाने आजीच्या शालीत हात घातला आणि विचारलं, “कुठली वाटी?”

मराठीत विचारलं. आत्याबाई सांगू लागल्या, आणि त्या दोघींचं बोलणं खीर संपली तरी चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि दिवस-रात्र सारखेही त्याच दिवशी. शेतातली माती हवी म्हणून आत्याबाईंनी आदल्या दिवशीच कॉनच्या वाफ्याकडे बोट दाखवलं होतं. सकाळी तो दारात हजर. बादलीभर माती, खडा न् खडा चाळून काढलेला. गहू पेरायचा आहे म्हटल्यावर त्याने खिडकीकडे पाहून मान हलवली. “इथे नाही उगवायचं. गारठा आहे. हॉट प्रेसमध्ये ठेवा. माझी आई बियाणं तिथेच ठेवायची.”

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल वाळवायला असतं. घट एकदा बसवला की हलवायचा नाही, त्यामुळे निर्णय तिथेच घ्यायला हवा होता. आत्याबाईंनी कपाटात डोकं घालून पाहिलं, हात फिरवून ऊब अजमावली.

“देवीलाबी थंडी वाजतीच की,” त्या म्हणाल्या आणि टॉवेल बाहेर काढायला लागल्या. घट खालच्या फळीवर बसला. दिवा मात्र कपाटाबाहेर, फरशीवर, आणि दार नऊ दिवस उघडं.

दसऱ्याला गव्हाचे कोंब वीतभर झाले होते, पिवळे, नाजूक. कॉन बघायला आला. प्लॉट सोडल्याचं त्याने कुणाला कळवलंच नव्हतं. चाकवत उपटून त्या जागी लसूण लावला आहे, एवढंच बोलला. आत्याबाईंनी कोंबांची जुडी काढली, त्याला खाली वाकायला लावलं आणि त्याच्या टोपीच्या कडेत खोवली, गावाकडे पुरुषांच्या टोपीत खोवतात तशी.

“काढायची कधी?” त्याने विचारलं.

पद्मिनीने आत्याबाईंना विचारलं. “सुकून पडंल तवा,” त्या म्हणाल्या.

कॉन तसाच निघाला. बस थांब्यावर शाळेची पोरं त्याच्या टोपीकडे बघून हसत होती. त्याने टोपी थोडी सरळ केली, कोंब पडणार नाहीत अशी, आणि बसला हात केला.