वाघजाईची मिशी

भरे गावच्या शिवेवरची वाघजाई मी लग्न करून आले तेव्हापासून पाहतेय. पाहतेय म्हणजे काय, तर शेंदराचा एक मोठा गोळा आणि त्यात चांदीचे दोन डोळे. मी लातूरकडची, हिंजवडीत नोकरी करणारी, तोंडाला लगाम नाही. पहिल्याच वर्षी विचारून बसले, "यात देवी नेमकी कुठंय?" सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, ताडकन म्हणाल्या, "तुला दिसंना म्हून ती न्हाई व्हय?"

दर मंगळवारी आत्या खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन तिथं जायच्या आणि तासभर बोलत बसायच्या. पाळीची दुखणी, बाळंतपणं, पोटातच गेलेली पोरगी, सासऱ्यांनी उगारलेला हात. घरात जे कुणापाशी काढलं नाही ते सगळं तिच्यापाशी. "बाईचं बाईलाच कळतंय," म्हणायच्या.

यंदा चैत्रात उन्हानं शेंदराची खोळ तडकली आणि एका सकाळी अख्खीच्या अख्खी गळून पडली. आतून काळी, घोटीव मूर्ती निघाली. काय देखणी होती म्हणून सांगू! एका हातात त्रिशूळ, एका हातात डमरू आणि ओठावर चांगली पिळदार मिशी.

"आगं बया, ह्यो तर भैरोबा!" गावात नुसता हशा. मीही हसले, फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. घरी आले तर आत्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या. "काय काय बोलले गं मी त्याच्याम्होरं," एवढंच म्हणाल्या. माझी मलाच लाज वाटली. ग्रुपवरचा फोटो डिलीट केला.

दोन मंगळवार त्या फिरकल्या नाहीत. जेवणावरची वासनाच उडाली. तिसऱ्या मंगळवारी मी रजा टाकली, ओटीचं ताट भरलं आणि म्हटलं, "चला आत्या, मी येते सोबत."

"बाप्या देवाला खण?" कुरकुरल्या, पण आल्या.

परक्या पुरुषासमोर बसावं तशा पदर पुढं ओढून लांबच बसल्या. मग त्या मिशीकडं बघत म्हणाल्या, "चाळीस वरसं समदं ऐकलंस व्हय रं?"

मला वाटलं, आता रडणार. पण त्यांनी पदर मागं सारला, पुढं सरकल्या, मूर्तीच्या पायाशी खण पसरला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या,

"मधी न बोलता माझं ऐकून घेनारा ह्यो एकच बाप्या भेटला बघ."