सकवारबाईंचा अर्क

बेंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या एका गल्लीत सकवारबाईंचं नाक प्रसिद्ध होतं. शेजारी सांबाराला फोडणी बसली की डबीतला हिंग नवा आहे की जुना, हे त्या आपल्या पायरीवर बसून सांगत. यात जादू काही नव्हती. मागडी रोडवरच्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. सुरुवातीला काड्या वळल्या, मग तेलांच्या खोलीत गेल्या. वाळा, मोगरा, दवणा, गवती चहा अशी तेलं मापायची, मिसळायची, कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून हुंगायची. नवा माल आला की मालक स्वतः खाली येत आणि म्हणत, "अक्का, स्वल्प बघा." अक्कांनी मान हलवली की माल आत. नाक मुरडलं की माल परत.

निवृत्त झाल्यावर मात्र या नाकाला काही काम उरलं नाही. घरात त्या आणि मानसिंगराव, दोघंच. मानसिंगराव बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कानाने जरा जड, स्वभावाने थंड. दोघांचीही घराणी बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेली की मूळ गाव कुठलं हे कुणालाच नक्की सांगता येत नसे. घरात मराठी होती, पण तिच्यात कन्नडातले 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे जरा, हे शब्द बिनदिक्कत ये-जा करत.

मुलीने इलेक्ट्रॉनिक सिटीत घर घेतलं आणि तिथल्या सोसायटीत कुत्र्यांवरून कटकट सुरू झाली, तेव्हा तिचा कुत्रा आईवडिलांकडे आला. त्याचं नाव गुंडू. कन्नडात गुंडू म्हणजे गोल, आणि तो होताही तसाच. मानसिंगरावांनी पहिल्याच दिवशी त्याला आपल्या खुर्चीशेजारी पोतं अंथरून दिलं, आणि तिथून पुढे दोघांच्या दुपारच्या झोपा एकाच वेळी होऊ लागल्या.

दोन महिन्यांनी गुंडू खाजवायला लागला. बसला की खाजवी, उठला की खाजवी. शेपटीच्या मुळाशी हाताच्या पंजाएवढा चट्टा पडला, केस गेले, कातडी लाल झाली. सकवारबाईंनी केस बाजूला करून पाहिलं, तर काळ्या तिळासारखी पिसू टुणकन उडाली. दुकानातली पावडर लावली, तर तो अर्धा तास शिंकत राहिला आणि पलंगाखाली जाऊन बसला. चौथ्या दिवशी मानसिंगरावांनी पायजमा वर करून घोटे दाखवले. त्यांच्यावरही लाल पुरळ.

"गुंडूने मलाही वाटणी दिली," ते म्हणाले.

त्या दिवशी सकवारबाईंना तेलांच्या खोलीची आठवण झाली. इतक्या वर्षांत गवती चहाच्या पिंपाजवळ मुंगीसुद्धा फिरकलेली त्यांनी पाहिली नव्हती. गवती चहा तर मागच्या दारी कुंडीत माजलाच होता. त्यांनी जुडीभर पात कापली, खलबत्त्यात ठेचली, मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळत ठेवली. पातेल्याच्या मध्ये स्टीलचं तिकाटणं, त्यावर वाटी. वर झाकण उलटं घातलं आणि त्यावर बर्फाचे खडे ठेवले. वाफ वर जायची, गार झाकणाला लागून थेंब व्हायचे आणि थेंब थेंब वाटीत पडायचे. तासाभरात वाटीभर अर्क निघाला. पाण्यासारखाच नितळ, पण घर सगळं वासाने भरून गेलं.

तो अर्क त्यांनी गुंडूच्या पोत्यावर शिंपडला, कंगव्याला लावून त्याची पाठ विंचरली. रोज पोतं धुतलं, उन्हात टाकलं. तीन आठवड्यांत गुंडूचं खाजवणं थांबत आलं.

ही बातमी लपून राहणारी नव्हती. सकाळी कुत्री फिरवायला निघालेले लोक दाराशी थांबू लागले. "अक्का, आमच्यासाठी पण थोडं." त्या बाटल्या भरून देत. कारखान्यातल्यासारखं पुन्हा कुणीतरी 'अक्का, बघा' म्हणत होतं. त्यांची पाठ ताठ झाली, हे मानसिंगरावांनीही पाहिलं. पण हळूहळू सकवारबाईंना वाटू लागलं की हा अर्क फारच सौम्य आहे. खरी ताकद तेलात असते. त्यांनी जुन्या मैत्रिणीकडून कारखान्यातलं शुद्ध तेल छोट्या बाटलीत मागवून घेतलं.

समोरच्या नव्या इमारतीत मैत्रेयी राहायची. पुण्याची मुलगी, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात कामाला. आठवड्यातले दोन दिवस ती तिकडे जाई आणि ट्रॅफिकमध्ये अर्धमेली होऊन परत येई. उरलेले दिवस घरूनच काम. तिच्याकडे पांढरीशुभ्र मांजर होती, इडली.

एका शनिवारी ती आली. "काकू, इडलीला पण पिसवा झाल्यात. तुमचा अर्क देता?"

"अर्क कशाला? तुला चांगली वस्तू देते," सकवारबाई म्हणाल्या. त्यांनी तेलाची बाटली काढली, खोबरेल तेलात थेंब मोजून टाकले. "मानेमागे चोळ. एकदाच पुरे."

"मांजरीला चालेल ना?"

"अगं, झाडपाल्याचं आहे. त्याने काय होणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मैत्रेयी धावत आली. पायात चप्पल नव्हती, छातीशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली इडली. मांजरीच्या तोंडातून लाळ गळत होती, डोकं थरथरत होतं. खाली ठेवली तर मागचे पाय तिरके गेले आणि ती कुशीवर पडली.

"रात्री लावलं मी. सकाळपासून असं करतेय. काकू, तेल फार स्ट्राँग होतं का? मला कोविडपासून वासच येत नाही, काही कळलंच नाही मला!"

सकवारबाईंना मात्र वास येत होता. टॉवेलमधून गवती चहाचा भपकारा येत होता, ज्या वासावर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास होता तोच. तेलाची बाटली उचलून, चप्पल सरकवून त्या तशाच निघाल्या. मानसिंगरावांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून रिक्षा थांबवली.

जनावरांच्या डॉक्टर हर्षिता यांचा दवाखाना दोन क्रॉस, म्हणजे दोन आडव्या गल्ल्या पलीकडे होता. त्यांनी मांजर टेबलावर घेतली आणि पहिल्याच श्वासात विचारलं, "काय लावलंय हिला?"

मैत्रेयी बोलायच्या आत सकवारबाई कन्नडात म्हणाल्या, "मी दिलं. गवती चहाचं शुद्ध तेल, खोबरेलात घालून. किती थेंब तेही सांगते." आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाटलीही पदराखालून काढून पुढे ठेवली.

"हे बरं केलंत. आता वेळ जाणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. साबणाच्या कोमट पाण्याने इडलीला दोनदा धुतलं, पुसलं, गरम कपड्यात गुंडाळून सलाईन लावलं. मग हात पुसत त्या बाकावर येऊन बसल्या. "अक्का, मांजरीचं यकृत आपल्यासारखं नसतं. ही तेलं तिच्या शरीराला फोडता येत नाहीत, ती साठत जातात. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते. तुम्ही मानेवर लावलेलं पोटात गेलं."

"वाचेल का?"

"उद्यापर्यंत बघू."

सकवारबाई घरी आल्या आणि त्यांनी बाटल्या, पातेलं, तिकाटणं सगळं माळ्यावर टाकलं. जेवल्या नाहीत. मानसिंगराव काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्या एवढंच म्हणाल्या, "तिने विचारलं होतं हो, चालेल ना म्हणून. आणि मी न बघताच हो म्हटलं."

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. इडली पिंजऱ्यात बसली होती. थरथर थांबली होती, पण डोळे मलूल. मंगळवारी तिने दोन घास खाल्ले. बुधवारी ती मैत्रेयीवर गुरगुरली, तेव्हा डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "आता घरी न्या."

सकवारबाईंनी मैत्रेयीपुढे हात जोडले. मैत्रेयीने ते धरून खाली केले. "काकू, मीही नेटवर एकदा बघायला हवं होतं. पण पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ नाही. बंद केलं मी ते."

हे डॉक्टरांनी ऐकलं. "बंद का? कुत्र्यांच्या अंथरुणावर तुमचा पातळ अर्क शिंपडायला माझी हरकत नाही. फक्त तेल नको, मांजर असलेल्या घरात नको, लहान पिल्लांना नको, आणि जखमेवर तर नकोच. फार पिसवा झालेलं जनावर असेल तर माझ्याकडे पाठवा, त्याला औषधच लागतं. पण एक सांगा, गुंडूच्या पिसवा गेल्या त्या अर्काने, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

असं सकवारबाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष असतात अंथरुणात, चटईत, फरशीच्या फटीत. "बघायचंय? मग दहा कुत्री घ्या. पाच जणांच्या अंथरुणावर अर्क, पाच जणांच्या अंथरुणावर साधं पाणी. बाकी सगळं सारखं. आठवड्यातून एकदा अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, उन्हात वाळवायचं, बारीक दातांच्या कंगव्याने विंचरायचं आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकून मोजायच्या. मोजणाऱ्याला मात्र कुणाला काय दिलंय ते कळता कामा नये."

"मग मी बाद," सकवारबाई म्हणाल्या. "मला दारातूनच कळेल."

दोघी एकदम मैत्रेयीकडे वळल्या.

"मला?" मैत्रेयी म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ती मनापासून हसली. "माझ्या नाकाचा कुणाला तरी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं!"

सहा आठवडे हे चाललं. सकवारबाई माळ्यावरून पातेलं काढून अर्क बनवत. मानसिंगराव बाटल्या वाटत आणि कुठली कुणाची ते तोंडातून काढत नसत. रविवारी सकवारबाई दहाही दारांत जाऊन अंथरूण धुतलं की नाही ते पाहत, आणि मैत्रेयी बागेजवळच्या कट्ट्यावर एकेक कुत्रं विंचरून आकडे फोनमध्ये टिपे. घरी गेल्यावर इडलीला हात लावण्याआधी कपडे बदलून ती हात स्वच्छ धुवायची.

सातव्या रविवारी दवाखान्यात आकडे मांडले. अर्कवाल्या कुत्र्यांच्या पिसवा खूप कमी झाल्या होत्या. पण साध्या पाण्यावाल्यांच्याही झाल्या होत्या, जवळजवळ तेवढ्याच. फरक होता तो कुत्र्यामागे दोन-तीन पिसवांचा.

"दहा कुत्र्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अर्काने थोडी मदत होतही असेल."

सकवारबाईंनी दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे काम केलं ते गरम पाण्याने आणि उन्हाने. आणि कंगव्याने."

"हो. पण हे मी कुत्री पाळणाऱ्यांना रोज सांगते, अक्का. दोन आठवडे करतात आणि सोडून देतात. या दहा घरांनी सहा आठवडे न चुकता केलं. का केलं असेल?"

"का?"

"रविवारी तुम्ही दारात उभ्या राहणार म्हणून."

घरी येऊन सकवारबाईंनी चहा टाकला, पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "अहो, कंगवे मात्र चांगले पाहिजेत. या बाजारातल्यांचे दात फार विरळ."

मानसिंगरावांना सगळं ऐकू गेलं नव्हतं, पण बायकोचा आवाज पूर्वीसारखा झाला आहे हे कळलं. ते म्हणाले, "सरी."

तेव्हापासून दर रविवारी कट्ट्यावर कुत्र्यांची रांग लागते. अर्क हवा असेल त्याला मिळतो, पण आधी प्रश्न येतात: घरात मांजर आहे का, पिल्लू किती महिन्यांचं, अंथरूण कधी धुतलं? बाटलीवर मैत्रेयीने छापून घेतलेली सूचनांची चिठ्ठी असते, कन्नडात आणि इंग्रजीत. तिचं कन्नड सकवारबाईंनी दोनदा दुरुस्त केलं.

डिसेंबरात डॉक्टर त्यांना शहराबाहेरच्या एका निवाऱ्यात घेऊन गेल्या. तिथे सोडून दिलेली चाळीसेक कुत्री होती आणि सांभाळायला रघुजी नावाचा एकटा माणूस. जमिनीवर जुनी, ओलसर पोती. एका म्हाताऱ्या तपकिरी कुत्रीच्या पाठीवर केसच उरले नव्हते. डॉक्टरांनी तिला औषध दिलं. सकवारबाईंनी पोती उचलून बाहेर टाकली आणि रघुजीला विचारलं, "पाणी तापवायला मोठं भांडं कुठे आहे?"

पुढचे तीन महिने त्या दर बुधवारी गेल्या. मेट्रोने, मग बसने. मल्लेश्वरमच्या घराघरांतून गोळा केलेल्या जुन्या चादरी मानसिंगराव दोन पिशव्यांत भरून बरोबर आणत. उन्हात दोऱ्या बांधल्या. धुवायचे वार ठरले. रघुजी आधी कुरकुरला, मग सकवारबाई यायच्या आतच भांडं चुलीवर ठेवू लागला.

मार्चमधल्या एका बुधवारी त्या फाटकातून आत शिरल्या, तर ती तपकिरी कुत्री भिंतीलगत उन्हात आडवी पडून झोपली होती. खाजवत नव्हती. सकवारबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. तळव्याला बारीक, मऊ केस लागले.

"अहो, इकडे या," त्यांनी मोठ्याने हाक मारली. "हात लावून बघा."

मानसिंगरावांनी चादरींच्या पिशव्या खाली ठेवल्या आणि ते वाकले. कुत्रीने एक डोळा उघडला, दोघांना पाहिलं आणि शेपटी दोनदा जमिनीवर आपटून पुन्हा झोपी गेली.