सकस डबा

बाईंनी माझ्या डब्याचं झाकण पेन्सिलीच्या टोकाने लावलं. बोट लागू नये म्हणून.

ऐंशीच्या दशकातलं अंबरनाथ. शाळेत सकस डब्याची स्पर्धा होती. वर्गात निम्मी मुलं कारखान्यातल्या साहेबांची, निम्मी आम्ही चाळीतली. परीक्षक म्हणून साहेबांच्या बायका आल्या होत्या. माझ्या डब्यात नाचणीची भाकरी आणि कांद्यावर परतलेला सुका जवळा. "शी, काय वास!" एक मॅडम नाकाला पदर लावत म्हणाल्या. बाई ओशाळल्या. मग ती पेन्सिल.

पहिला नंबर त्याच मॅडमच्या मुलीचा. शेंगदाण्याचे लाडू. आई परीक्षक आणि लेक पहिली. वर सगळ्या वर्गाला वाटायला लाडवांचा मोठा डबा घरून भरून आणलेला. निकाल लागायच्या आधीच? मी लहान होते, आंधळी नव्हते.

मला शेंगदाणा सोसत नाही. अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा आमच्या चाळीत आला नव्हता. पण एकदा चिक्की खाऊन माझे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता. तेव्हापासून आई रोज बजावायची, "शेंगा खाव नको. कोनी कितीबी दिल्या तरी."

मी बाईंना तसं सांगितलं.

"नखरे कसले करतेस? घरी मिळतात का असले लाडू? खा."

सगळा वर्ग बघत होता. मॅडम बघत होत्या. मी खाल्ला.

थोड्याच वेळात घसा आवळला. डोळे मिटले जाऊ लागले. बाईंनी मला रिक्षात घालून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंस, बाळ?" माझा आवाज फुटेना. उत्तर बाईंनी दिलं.

"जवळा."

लाडवाचं नावसुद्धा नाही. घाबरल्यामुळे विसरल्या असतील, असं पुढे मला बरेच जण म्हणाले. मला नाही पटत. समोर उभं राहून खायला लावलेला लाडू कोण विसरतं? डॉक्टरांनी सुई टोचली आणि मासळी बंद करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सूचना आली. सुकी मासळी डब्यात आणायची नाही. आईला शाळेत बोलावलं. पोरीला काय वाटेल ते खायला घालता म्हणून झापलं. आईला खरं ठाऊक होतं. तरी तिने हात जोडले. "चुकलं, बाई." ते जोडलेले हात बघून मला आईचाच राग आला. इतका राग मला बाईंचाही आला नव्हता.

वाटेत मी विचारलं, "खरं का नाय सांगितलंस?"

"शालेतून काढतील तुला. गप ऱ्हा."

मी वर्षभर गप्प राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा, त्याच बाई, त्याच मॅडम, पुन्हा लाडू. माझ्यापुढे आला तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहिले.

"नाही खाणार. गेल्या वर्षी मी ह्यानेच मरत होते. जवळ्याने नाही."

मॅडम बाईंकडे बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, "उलट बोलतेस? बाहेर हो."

मी बाहेर झाले. घसा मोकळा होता. शाळेतून मला कोणी काढलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं.

आता मी बदलापुरात राहते. माझ्या मुलीलाही शेंगदाणा सोसत नाही. तिच्या बाई परवा गोड हसून म्हणाल्या, "अहो, शाळेच्या जेवणात कोशिंबिरीत जरासं कूट असतं. एवढ्याने काही होत नाही. मुलांना सवय लागायला हवी." गोड हसणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी संशयी आहे असं सासरचे म्हणतात. आहेच मी. त्या संशयामुळेच माझी पोर धडधाकट आहे.

मी बाईंना सांगितलं, "होतं. मला झालंय. तिच्या पानात काय वाढताय ते आधी तिला सांगायचं. ती नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. तुम्ही थांबला नाहीत, तर मी हात जोडायला येणार नाही."

त्यांचं हसू मावळलं. मी तिथून हलले नाही. त्या "बरं" म्हणेपर्यंत नाही.