टिपणीस बाईंच्या लेकी

टिपणीस बाईंच्या मागच्या खोलीत पंखा नव्हता. कर्जतच्या मे महिन्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षाच, पण वाऱ्याने कीटक उडून जातील म्हणून बाई पंखा लावू देत नसत. आम्ही घामाने निथळायचो आणि त्या पदराने कपाळ टिपत म्हणायच्या, "पाहुणे नाजूक आहेत, आपण जाड आहोत."

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. खोपोलीच्या कॉलेजात त्यांनी मला जीवशास्त्र शिकवलं. मी पुढे साजगावच्या कारखान्यात चिकटलो. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांनी घरातच मित्रकीटक वाढवायला घेतले. मुंगीएवढी काळी गांधीलमाशी. ती अळीला डंख मारून लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लं त्या अळीवरच पोसतात. नारळाची पानं खाणाऱ्या अळीचा हिने चांगला बंदोबस्त होतो, म्हणून अलिबागकडचे बागायतदार काचेच्या नळ्यांतून त्या माश्या न्यायचे. रविवारी मी मदतीला जायचो. रोजचं सगळं मालन बघायची. ती कडावची, भातशेतीच्या घरातली सून, बाईंनी हाताला धरून शिकवलेली.

बाईंना खरं कौतुक त्या माशीच्या हिशेबीपणाचं. एका अळीवरच्या पिल्लांत मुली भरपूर, मुलगा एखाददुसरा. भावाचीच बहिणींशी गाठ पडते, तेव्हा एक पुरतो. नराचं बीज आई पोटात साठवून ठेवते. अंड्याला ते दिलं तर मुलगी, रोखलं तर मुलगा. "लागतो तेवढाच मुलगा काढते," बाई अभिमानाने सांगायच्या. "अळी मारायचं काम मादीचं. नर काही कामाचा नाही." हे म्हणताना त्या माझ्याकडे का बघायच्या, ते मी कधी विचारलं नाही.

मालनने हे वाक्य मनावर घेतलं. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला बहिणीकडे गेल्या, तेव्हा नळ्या स्वच्छ राहाव्यात म्हणून तिने कोशातून बाहेर आलेले नर कुंचल्याने झटकून टाकले. नर नेहमी आधी निघतात आणि बहिणींची वाट बघत थांबतात. बाई परतल्या तोवर पुढची पिढी निघाली होती, आणि ती सगळी नरांचीच. नराशी गाठ न पडलेली मादीही अंडी घालते, पण बीजाविना तिला फक्त मुलगेच होतात. म्हणजे वंश तिथेच संपणार होता, आणि बागायतदारांचे फोन तर रोज येत होते.

मालनने काही लपवलं नाही. दारात उभी राहून तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाई, मी उद्यापास्नं येत नाय." घरी तिच्या शब्दाला जी काही किंमत होती ती या कामामुळे, हे मला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं.

बाई बराच वेळ नळ्या उजेडात धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. मी तुला अर्धंच शिकवलं. आणि या नरांच्या आया अजून जिवंत आहेत."

मध चाटवला तर या माद्या पुष्कळ दिवस जगतात. त्यांना त्यांच्याच मुलांबरोबर ठेवायचं, म्हणजे बीज मिळेल, आणि मग नवी अळी द्यायची, असं ठरलं. मालनने तोंडाला पदर लावला. त्यांच्यात चालतं, बाई म्हणाल्या, आपण तोंड फिरवायचं.

मग नुसती वाट बघणं. मालन रोज यायची, पण कुंचल्याला हात लावत नसे. कोश उघडायला लागले त्या रविवारी मी तिथेच होतो. आधी एक नर आला. मग एकीमागून एक माद्या निघत राहिल्या. मालन त्या बोटांवर मोजू लागली. बाईंनी मला लगेच बाजारात पिटाळलं. मुलगा झाला की पेढे वाटतात, आपल्याकडे मुली झाल्यात, तेव्हा बर्फी आण, म्हणाल्या.

बर्फीचा तुकडा हातात घेऊन मालन हसली आणि सहज बोलून गेली, "माज्या दोगींच्या वक्ताला कुनी बर्फी वाटली नाय, बाई."

संध्याकाळी बाईंनी मला स्कूटर काढायला लावली आणि बर्फीचे दोन पुडे घेऊन आम्ही कडावला गेलो. मालनची सासू पडवीत बसली होती. दोन्ही नाती, शाळेत जाण्याइतक्या मोठ्या झालेल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी दोन्ही पुडे सासूच्या हातात ठेवले. "हा थोरलीचा, हा धाकटीचा. यायला जरा उशीर झाला."

सासू पुड्यांकडे बघत राहिली. मग तिने एकाचा दोरा सोडला आणि थोरलीला जवळ बोलावलं.

"जा गं, शेजारी वाटून ये. कुनी इचारलं तर सांग, आमच्याकडं दोन पोरी हायत."