गळती निरीक्षकांचं फिरतं घर

पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं गळत्या शोधलेल्या माणसाच्या स्वतःच्याच छतातून पाणी ठिबकावं, यात खरं तर नवल काहीच नाही. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे; फक्त दिव्याला ते सांगायला कुणी जात नाही.

ज्या छतातून ठिबकायचं ते छत चार चाकांवर होतं. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात निरीक्षकसाहेबांनी एक मोटारहोम विकत आणलं. वय वर्षं सव्वीस. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, कपाटाएवढी न्हाणी आणि सगळ्या भिंतींना चॉकलेटी फुलांचा वॉलपेपर. किल्ली हातात दिल्यावर आधीच्या मालकाने गाडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. साहेबांना तो त्याच्या मनाचा मोठेपणा वाटला.

"आता आपण जग बघायचं," साहेब बायकोला म्हणाले.

बायको घरीच शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "बघू. आधी त्या गाडीला पडदे तरी शिवू द्या."

पडदे शिवून झाले. निळे, चांगले अस्तर लावलेले. साहेबांनीही आपला वाटा उचलला. जग बघताना दारात सावली हवी म्हणून त्यांनी गाडीच्या बाजूला गुंडाळी होणारी कापडी छपरी बसवली. त्यासाठी शिडीवर चढून छताच्या कडेला ड्रिलने सहा भोकं पाडली आणि सहा लांबलचक स्क्रू पिळले.

"अहो, चांगल्या छपराला भोकं कशाला पाडताय?" बायकोने खालून विचारलं.

"अगं, पाण्याचा माझा बत्तीस वर्षांचा अभ्यास आहे," साहेब वरून म्हणाले. पाण्याचा तर अभ्यास होताच. भोकांचा होता की नाही, ते तिने विचारलं नाही.

पुढच्याच पावसात ओट्यावरच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग पडला. साहेबांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या योग्यतेचं काम घरी चालून आलं होतं. त्यांनी नवी वही काढली, समास आखला, तारीख टाकली आणि लिहिलं, 'गळती आढळली. कार्यवाही सुरू.' खात्यात एवढं लिहिलं की गळती अर्धी थांबत असे. उरलेली अर्धी पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत जात असे.

कार्यवाही म्हणजे सिलिकॉन. जिथे ठिबकलं त्याच्या बरोबर वर जाऊन साहेब सिलिकॉनची नळी पिळायचे. मग पाणी तिथून हात-दोन हात सरकून ठिबकायचं. मग साहेब तिथे पिळायचे. दोन वर्षांत छत असं दिसायला लागलं की त्यावर कुणी टूथपेस्टने नक्षी काढली असावी. खिडक्या बंद झाल्या, त्या परत उघडेनात. हवेची झडप कायमची चिकटली. पण साहेब समाधानी होते. "पाणी जागा बदलतंय, म्हणजे परिणाम होतोय," ते म्हणायचे.

एकदा बायको पडद्यांवरची धूळ झटकून आली आणि म्हणाली, "अहो, पाणी मागच्या कोपऱ्यातून येतंय. पलंगाजवळच्या पडद्याची वरची शिवण बघा, पिवळी पडलीय. बाकीचे पडदे कोरडे आहेत."

साहेब तिच्याकडे पाहून हसले. खात्यात लोक अर्ज घेऊन यायचे तेव्हा ते असंच हसायचे. "ती गळती नाही. ती वाफ आहे. माणसाच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं."

"पण आपण गाडीत कधी राहिलोच नाही. श्वास कुणाचा?"

यावर साहेबांनी चष्मा पुसला. नंतर वहीत लिहिलं, 'तक्रारदाराचं समाधान करण्यात आलं.'

तक्रारदाराने मग तोंड उघडलं नाही. आणखी दोन वर्षं गेली. गाडी घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभीच होती. आत शिरलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा. साहेबांच्या मते तो जुन्या गाड्यांचा स्वभाव होता.

एका रविवारी सकाळी बायको पडदे धुवायला काढावेत म्हणून गाडीत गेली. पलंगाजवळ उभं राहून तिने वरच्या कडीला हात घातला, आणि पायाखालची जमीन सरकली. हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, खरोखरच सरकली. फरशीचं प्लायवूड पापडासारखं मोडलं आणि तिचा उजवा पाय पोटरीपर्यंत गाडीच्या खाली गेला. शेजारीण अंगण झाडत होती. तिला गाडीखाली एक चप्पल घातलेला पाय लोंबताना दिसला, आणि तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून साहेब दाढी अर्धी टाकून धावत आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठून पडलात?"

"मी पडले नाही," बायको म्हणाली. "मी जागच्या जागी उभी होते. घर खाली गेलं."

घोट्याला प्लास्टर बसलं. महिनाभर पाय टेकायचा नाही. बहिणीला बघायला धाकटा भाऊ आला. हा साहेबांचा मेहुणा दोन गल्ल्या पलीकडे पंक्चरचं दुकान चालवायचा. साहेबांचं त्याच्याविषयीचं मत एका वाक्यात होतं: जन्मभर हवा भरत बसलेला माणूस. त्याने ताईची विचारपूस केली, चहा घेतला आणि बाहेर गाडीकडे गेला. थोड्या वेळाने हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन परत आला.

"भावजी, कोपऱ्यातल्या भिंतीत हा मुठीपर्यंत गेला. लोण्यात सुरी जावी तसा. तुमची भिंत वॉलपेपरने उभी आहे."

"मी ते नोंदवलेलं आहे," साहेब म्हणाले.

"आणि पाणी जिथे ठिबकतं तिथे भोक नसतं. ते कुठून तरी शिरतं, आतल्या आत लाकडाच्या कडेने चालत जातं आणि मन मानेल तिथे बाहेर येतं."

"हे तू मला सांगतोस? बत्तीस वर्षं..."

"त्याला बघू द्या," पलंगावरून बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "चार वर्षं तुम्ही बघितलंत. आता त्याला बघू द्या. नाहीतर प्लास्टर निघालं की मी एकटी बसने जाईन जग बघायला. बस गळत नाही."

दुसऱ्या दिवशी मेहुणा दुकानातून धूळ उडवायचा ब्लोअर, चिकटपट्टीचं भेंडोळं आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आला. ट्यूबमधलं भोक डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात हवा भरून ती पाण्यात बुडवायची, मग भोक स्वतःच बोलतं. गाडी काही घमेल्यात बुडत नव्हती. म्हणून त्याने न्हाणीची मोरी आणि दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून तिथे पुठ्ठा लावला, त्यातून ब्लोअरचं तोंड आत घातलं आणि गाडीतच हवा भरली. मग दोघं बाहेरून ब्रशने साबणाचं पाणी फासू लागले. साहेब एका शिडीवर, मेहुणा दुसऱ्या. बायको अंगणात खुर्चीवर, पाय स्टुलावर.

खिडक्यांच्या कडांना एक बुडबुडा नाही. झडपेला नाही. साहेबांना जरा बरं वाटत होतं. कुठेच गळती नाही असं सिद्ध झालं तर ती वाफ होती हे उघडच होतं. मग त्यांचा ब्रश छपरीच्या पहिल्या स्क्रूवर गेला.

फेस असा फसफसला की साहेबांनी हात मागे घेतला. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर. सहाच्या सहा स्क्रू कापूस पिंजावा तसे पांढरेशुभ्र फुलले. मागच्या कोपऱ्यातला सगळ्यात जास्त.

मेहुण्याने ते पाहिलं होतं. पण तो मान वळवून आधीच तपासलेल्या खिडकीवर पुन्हा ब्रश फिरवत बसला. त्याचं ते न बघणं साहेबांना फार झोंबलं. हसला असता तर भांडता तरी आलं असतं.

"ही भोकं मीच पाडलीत," साहेब शेवटी म्हणाले.

"हो," मेहुणा म्हणाला. "भावजी, पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात. चाकात खिळा घेऊन येणारे हजार बघितले. 'खिळा मीच टाकला होता' म्हणणारे तुम्ही पहिले."

साहेब खाली उतरले. बायकोसमोर उभे राहिले. कपड्यांवरून साबणाचं पाणी निथळत होतं.

"अगं, ती वाफ नव्हती."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पायाखाली अजून एक उशी द्या."

मग खरं काम सुरू झालं, आणि त्यात वहीचा काडीचा उपयोग झाला नाही. छपरी उतरवली. छताच्या कडेची अॅल्युमिनियमची पट्टी काढली. वॉलपेपर ओढला तर त्याच्याबरोबर भिंतही आली. आतल्या चौकटीचं लाकूड चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. साहेब ते हातांनी ओरबाडून काढत होते, काळं, गिळगिळीत, बुरशीचा वास मारणारं. मध्येच त्यांचे हात थांबले. इथे, एवढ्या जागेवर, बायको पडदे काढायला उभी राहिली होती. त्यांनी मान खाली घालून पुन्हा ओरबाडायला सुरुवात केली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो सिलिकॉनने. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धरत नाही, म्हणून चार वर्षांची नक्षी खरवडून काढायला अकरा दिवस गेले. "भावजी, गाडी सडली, पण तुमचं सिलिकॉन अमर आहे," मेहुणा म्हणाला. साहेबांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना जमलं नव्हतं.

सडकं निघाल्यावर लगेच नवं प्लायवूड ठोकावं अशी साहेबांची घाई. मेहुण्याने हातोडी काढून घेतली. "आत ओल ठेवून झाकलं की बाहेरून छान दिसतं." साहेबांना आपल्या खात्याच्या कितीतरी फायली आठवल्या. तीन आठवडे दोन पंखे लावून गाडी उघडीवाघडी सुकत ठेवली. रोज सकाळी ते लाकडाला ओल मोजायचं छोटं यंत्र टोचून बघत, आणि आकडा खाली आला नसला तर कुणीही न सांगता आणखी एक दिवस थांबत.

मग नवीन लाकूड जुन्याला सांधलं, भिंत चढवली, फरशी बदलली. छताच्या पट्टीखाली डिंकासारखी चिकट टेप घातली. तेव्हा प्लास्टर निघालेली बायको काठी टेकत आली आणि तिने काम थांबवलं.

"वरचा पत्रा खालच्याच्या आत खोचताय तुम्ही. पाणी वरून येतं ना? मग वरचं बाहेर राहू दे, खालच्यावर. झालरीसारखं."

दोघा तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वरचा पत्रा काढून खालच्यावर घेतला. मग मेहुण्याने तासभर पाइपने छतावर पाणी सोडलं. बायको आत कोपऱ्याला तळहात लावून बसली. साहेब दारात उभे, दर दोन मिनिटांनी विचारणारे. तासाने तिने हात बाहेर काढून दाखवला. कोरडा ठणठणीत.

पहिली सफर साहेबांनी दोन दिवसांची ठरवली. शास्त्रशुद्ध चाचणी, जवळच्या तळ्यापर्यंत, पाऊस लागला तर उत्तम. पाऊस लागला. साहेबांनी इतक्या वेळा उठून छत चाचपलं की शेवटी बायकोने त्यांच्या हातात सोलायला बटाटे दिले. दुसऱ्या सकाळी आकाश मोकळं झालं आणि साहेबांनी परतायला गाडी सुरू केली.

"डावीकडे घ्या," बायको म्हणाली.

"घर उजवीकडे आहे."

"माहीत आहे. कपाट उघडून बघा."

साहेबांनी बघितलं. तीन आठवड्यांचे कपडे, घड्या घालून रचलेले. घराची किल्ली भावाकडे, शिवणाच्या गिऱ्हाइकांना पुढच्या महिन्याची तारीख, शेजारणीला झाडांना पाणी घालायला सांगितलेलं. आठवडाभर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, एक निरीक्षक सोडून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वहीत लिहिलं असतंत," ती म्हणाली, आणि नकाशा मांडीवर उलगडला.

साहेबांनी आरशात बघितलं, इशाऱ्याचा दिवा लावला आणि गाडी डावीकडे घेतली.