उशाजवळचा स्पीकर

मोतिबिंदू थंडीत काढतात, उन्हाळ्यात नाही, हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. पण माझे सासरे, आमचे मामाजी, नागपूरजवळच्या कुहीकडचे धानाचे शेतकरी. पावसाळ्यात रोवणी, थंडीत मळणी. त्यांना सवड फक्त उन्हाळ्यात. सवड नाही, सवड नाही करता करता त्यांचा डावा डोळा कायमचा गेला होता. उजव्याचं तसं होऊ द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून ऐन मे महिन्यात ऑपरेशन करून घेतलं. दवाखान्यातून आम्ही त्यांना धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी आणलं. मी रजा टाकली.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी कागदावर उतरवून भिंतीला चिकटवलं होतं. उताणं झोपायचं. मान उचलायची नाही, वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही. पट्टीखाली घाम येऊ द्यायचा नाही. डॉक्टर दारापर्यंत येऊन म्हणाले होते, "टाका निसटला तर हाही डोळा हातचा जाईल."

वर्षानुवर्षं पहाटे बांधावर जाणारा माणूस खाटेवर उताणा किती वेळ राहणार? पहिल्याच दुपारी मी स्वयंपाकघरातून आले तर मामाजी पाय खाली सोडून बसलेले.

"मामाजी, काय हे?"

"काही नाही वं बाई. पाठीले रग लागली."

त्यांना थांबवून ठेवणारी एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे टीव्ही. नागपूरला टीव्ही येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या गावात एकही नव्हता. पट्टीमुळे दिसत काहीच नव्हतं, पण ऐकायची हौस फार. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाले की ते लहान मुलासारखे स्वस्थ पडत. अडचण कूलरची होती. कूलर बंद केला तर पट्टीखाली घाम, चालू केला तर त्याच्या घरघरीत टीव्हीतलं एक अक्षर कळत नसे. मग मामाजी काय करत? उशीवरून मान उचलून उजवा कान टीव्हीकडे वळवत. म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच. रागावलं की मान खाली जाई, माझी पाठ वळली की परत वर.

खाट सरकवायला जागा नव्हती. खिडकीत कूलर, समोरच्या भिंतीला टीव्ही, आणि खाट कूलरच्या वाऱ्यातच हवी. आवाज पूर्ण वाढवला तर टीव्हीतला स्पीकर फाटल्यासारखा खरखरे. बाहेरून वेगळा स्पीकर जोडायचा, इतकं ठरलं. कोणता, यावर मात्र घरात दोन मतं पडली.

माझ्या नवऱ्याला गाण्यांची आवड. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारलं, आणि त्या काळी सगळे करत तेच त्यानेही सांगितलं: मोठा स्पीकर घ्या आणि मातीच्या माठाच्या तोंडावर पालथा बसवा. रात्रीतून माठ तयार झाला. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून गाणं लावून पाहिलं तर तबल्याचा ठेका पोटात जाणवत होता. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय आवाज आहे वं! बँडवाले बोलावले का?" नवरा खूश.

संध्याकाळी बातम्या लागल्या. मामाजींनी थोडा वेळ ऐकलं आणि मान उचलली.

"बाबा, मान खाली!" नवरा ओरडले.

"अरे, कोणी तरी मडक्यात बसून बोलून राहिलं गा. काय बोलून राहिलं ते त्या मडक्यालेच माहीत."

"जरा सवय होऊ द्या."

"आँ?"

"सवय होऊ द्या म्हणतो!"

"काय म्हणून राहिला वं हा?" हे मला विचारलेलं.

मी कूलरच्या बाजूलाच उभी होते. साध्या आवाजात सांगितलं, "सवय होऊ द्या म्हणतात." ते त्यांना लगेच कळलं. नवऱ्याचा आवाज जाड, माझा बारीक. कूलरही जाड आवाजात घुमतो, त्यामुळे नवऱ्याचं बोलणं त्यात बुडून जायचं आणि माझं वर राहायचं. माठाचंही तसंच होत होतं. माठ आवाज मोठा करत होता, पण शब्द गिळत होता. आम्ही गाण्यासाठी स्पीकर निवडला होता आणि मामाजींना बोलणं ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना खाटेपाशी बसवलं आणि रेडिओवरच्या दुपारच्या बातम्यांची वेळ साधून सीताबर्डीच्या एका रेडिओच्या दुकानात गेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे कॅसेट हातात घेतली.

"गाणं नको. रेडिओवर बातम्या लावा. आणि तो पंखा पूर्ण जोरात सोडा."

"ताई, स्पीकर गान्यावरच पारखतात. बातम्यांत काय समजते?"

"आमच्या घरी बातम्याच ऐकायच्या आहेत."

तो हसला, पण पंखा सोडला. मी पंख्यापलीकडे उभी राहून एकेक ऐकत गेले. मोठ्या खोक्यांत निवेदक गुळण्या करत असल्यासारखा वाटत होता. सगळ्यांत स्पष्ट निघाला तो पुस्तकाएवढा, लाकडी पेटीतला छोटा स्पीकर. तोच घेतला. घरी नवरा म्हणाले, "एवढासा? हा काय वाजेल!" तरी दुरुस्तीवाल्याला बोलावून त्यांनीच भिंतीच्या कडेने वायर नेली आणि टीव्हीला जोडून घेतली. स्पीकर मी खाटेशेजारच्या स्टुलावर, मामाजींच्या उजव्या कानाजवळ ठेवला. आवाज अगदी बेताचा.

बातम्या सुरू झाल्या. मी त्यांच्या मानेकडेच बघत होते. उशीवरून ती हलली नाही.

"आता कसं," ते म्हणाले, "मानूस खाटेपाशी येऊन बसला."

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. शब्द नीट कळायला लागले तसा शेतीचा कार्यक्रमही नीट कळायला लागला. त्यात एक साहेब धानाची रोपं, आमच्याकडे त्यांना पऱ्हे म्हणतात, वाफ्यात पाणी भरून कशी टाकायची ते सांगत होते. मामाजींचे हात वर झाले.

"काहून गा? कोनं सांगतलं तुले? एवढ्या पान्यात पऱ्हे सडून जातीन!"

"मामाजी, त्यांना ऐकू जात नाही."

"मग त्याले इकडे बोलाव!" आणि ते कोपरावर उठायलाच निघाले. मी त्यांच्या कपाळावर तळहात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने स्पीकरची वायर ओढून काढली. त्यानंतर शेतीचा कार्यक्रम लागायच्या आधीच मी वायर काढून ठेवत असे. विचारलं तर टीव्हीवाल्यांकडे बिघाड आहे म्हणून सांगायची. त्यांना ते पटत नसे, पण उठून बघायची सोय नव्हती.

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बॅटरीने डोळा पाहिला, टाके पाहिले, आणि जाड भिंग डोळ्यासमोर धरून दोन बोटं उभी केली.

"किती?"

"दोन," मामाजी म्हणाले. मग थांबून, "आन् डॉक्टरसाहेब, तुमच्या सदऱ्याची वरची गुंडी तुटली हाये."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. खरंच तुटली होती. नवरा तोंड फिरवून खिडकीपाशी गेले.

मी चष्म्याच्या नंबरासाठी कधी यायचं ते विचारून घेतलं. मामाजींना वेगळंच विचारायचं होतं: पऱ्हे टाकायला गावी जाऊ का?

"वाकायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही वाकत. उभा राहू?"

"उभे राहा."

त्या वर्षी माझ्या नवऱ्याने रजा घेतली आणि पऱ्हे टाकले. मामाजी जाड चष्मा लावून बांधावर उभे होते आणि कुठे बी दाट पडलं, कुठे विरळ, ते तिथूनच सांगत होते.